उपयोजित गणिताची संयुक्त पदवी: गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी आणि गोव्याच्या नद्यांसाठी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पदवी परीक्षांचे निकाल जवळ आले की आपल्या वृत्तपत्रात पुढील शिक्षणाविषयी मार्गदर्शनपर मजकूर येतो आणि तो गोव्यातील घराघरांत वाचला जातो. गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना त्यात बहुधा दोनच वाटा दाखवल्या जातात. बी.एड. करून शिक्षक व्हावे, किंवा संगणकाचा एखादा अभ्यासक्रम करून सॉफ्टवेअर कंपनीत जावे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. तिसरी एक वाट मी स्वतः चालून आले आहे. तिच्याविषयी गोव्यात फार कमी बोलले जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी कुंभारजुव्याची. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून आणि बी.एस्सी. गोव्यातील एका महाविद्यालयातून झाले. त्यानंतर युरोपातील विद्यापीठांनी मिळून चालवलेली उपयोजित गणिताची दोन वर्षांची संयुक्त पदव्युत्तर पदवी मी पूर्ण केली आणि आता गोव्यात परतून पाण्याच्या प्रवाहाचीच गणिते करते.

संयुक्त पदवी म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे, कारण माझ्या घरीही सुरुवातीला तो काही महिन्यांचा देवाणघेवाणीचा दौरा वाटला होता. युरोपीय संघाने इरास्मस मुंडुस ही योजना २००४ साली सुरू केली. निरनिराळ्या देशांतील विद्यापीठे एकत्र येऊन एकच अभ्यासक्रम आखतात, विद्यार्थी ठरलेल्या क्रमाने एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातो आणि शेवटी त्याला सर्वांची मिळून एक पदवी किंवा प्रत्येकाची स्वतंत्र पदवी मिळते. गणितात या स्वरूपाचा जुना आणि नावाजलेला अभ्यासक्रम म्हणजे इटलीतील लाक्विला विद्यापीठाच्या पुढाकाराने २००८ पासून चाललेला ‘मॅथमॉड्स’. त्याची मूळ आखणी मला आजही आदर्श वाटते. पहिले सत्र लाक्विलात सिद्धान्ताचे, दुसरे जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे संख्यात्मक पद्धतींचे, आणि दुसरे वर्ष सहभागी विद्यापीठांपैकी एकात एखाद्या उपयोजनाचे व प्रबंधाचे. चार सत्रांचे मिळून १२० युरोपीय क्रेडिट्स होतात. इरास्मस मुंडुसची शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क भरावे लागत नाही आणि सध्याच्या नियमांनुसार दरमहा १४०० युरो मिळतात. प्रवास, व्हिसा आणि राहणे-खाणे त्यातूनच भागवायचे असते, आणि काटकसरीने राहिल्यास ते भागते. घर गहाण टाकून किंवा शेत विकून परदेशी जाण्याची गरज नाही, ही गोष्ट गोव्यातील मध्यमवर्गीय पालकांपर्यंत पोहोचायला हवी. मात्र शिष्यवृत्त्या मोजक्या असतात, आणि प्रत्येक संयुक्त अभ्यासक्रमाला त्या दरवर्षी उपलब्ध असतीलच असे नाही. म्हणून इतर कोणावर विसंबून न राहता युरोपीय संघाची अधिकृत यादी त्या त्या वर्षी स्वतः तपासावी.

लाक्विला हे डोंगरांनी वेढलेले छोटे शहर आहे. ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात तिथे तीनशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत विद्यापीठाचे विद्यार्थीही होते. मी गेले तेव्हाही जुन्या शहरात दुरुस्तीच्या क्रेन उभ्या होत्या. इमारत का हलते, कशी हलते आणि कोणत्या कंपनाला कोसळते, हे प्रश्न तिथल्या प्राध्यापकांना पुस्तकातून सुचलेले नव्हते, हे त्यांच्या शिकवण्यात जाणवत असे. फंक्शनल ॲनालिसिस, आंशिक अवकल समीकरणे, गतिकीय प्रणाली, नियंत्रण सिद्धान्त असे विषय होते. परीक्षा पुष्कळदा तोंडी. फळ्यापुढे उभे राहून प्रमेय मांडायचे आणि प्रत्येक पायरीला प्राध्यापक थांबवून विचारणार की ही अट काढून टाकली तर काय बिघडेल. सुरुवातीला मी पूर्ण गडबडून गेले. गोव्यात मी प्रमेये पाठ केली होती. अट काढून पाहण्याची सवय मला कोणी लावली नव्हती. गुण ३० पैकी मिळतात आणि १८ ला उत्तीर्ण. माझ्या पहिल्या परीक्षेत मला २१ मिळाले. ते २१ मी प्रामाणिकपणे कमावलेले होते आणि आजही मला मोलाचे वाटतात.

याच सत्रात घडलेली एक गोष्ट सांगते, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचे मूळ तिच्यात आहे. आंशिक अवकल समीकरणांच्या एका व्याख्यानात सीमाअटींचा विषय चालू होता. सीमेवर काय घडते हे साधारणपणे समीकरणाने सांगितले जाते, पण काही प्रश्नांत ते असमानतेने सांगावे लागते. एखादी वस्तू कठीण पृष्ठभागावर टेकली असेल तर पृष्ठभाग तिला ढकलू शकतो, स्वतःकडे ओढू शकत नाही. आन्तोनिओ सिन्योरिनी या इटालियन गणितज्ञाने हा प्रश्न मांडला आणि गाएतानो फिकेरा यांनी १९६३ साली तो सोडवला. प्राध्यापक फळ्यावर त्या असमानता लिहीत असताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खाजनातील (नदीकाठी बांद, म्हणजे बांध, घालून राखलेल्या सखल शेतजमिनीतील) मानस, म्हणजे बांदातील पाण्याची दारे असलेली वाट, उभी राहिली. मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि सुकतीला (ओहोटीला) आतले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा वर आले की उघडतात. पाणी एकाच दिशेने जाणार, आणि तेही पातळ्यांतील फरक योग्य बाजूला असेल तेव्हाच. ही एकतर्फी सीमाअट आमच्या पूर्वजांनी लाकडात आणि चिखलात बांधून ठेवली होती. मी व्याख्यानानंतर प्राध्यापकांना कागदावर मानशीचे चित्र काढून दाखवले. ते बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले की याचे प्रतिमान (गणिती मॉडेल) तू कर. माझ्या प्रबंधाचा विषय तिथे ठरला.

हॅम्बुर्गला गेल्यावर कळले की समीकरण लिहिणे हे निम्मेच काम असते. एल्बे नदीवरचे हे बंदर समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे, तरीही तिथे भरती-ओहोटी पोहोचते. १९६२ च्या फेब्रुवारीत वादळाने समुद्राचे पाणी नदीत रेटले, बांध फुटले आणि एकट्या हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसे गेली. नदीतील लाटेचे गणित तिथे नागरी सुरक्षेचा भाग आहे. उथळ पाण्यातील प्रवाहाची समीकरणे फ्रान्सचे सँ-व्हनाँ यांनी १८७१ साली मांडली. ती संगणकावर सोडवताना नदीचे छोटे तुकडे पाडावे लागतात आणि काळाचेही तुकडे पाडावे लागतात. हे तुकडे वाटेल तसे पाडून चालत नाही, हे कूरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघा गणितज्ञांनी १९२८ साली दाखवून दिले. लाटेचा वेग हा खोली आणि गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. मांडवीसारख्या नदीची खोली सरासरी पाच मीटर धरली तर हा वेग सेकंदाला सुमारे सात मीटर येतो. म्हणजे नदीचे पाचशे मीटरांचे तुकडे पाडले, तर नेहमीच्या सरळ पद्धतीत काळाचा तुकडा सुमारे सत्तर सेकंदांहून मोठा घेता येत नाही. घेतला तर संगणक चूक दाखवत नाही, तो शांतपणे मूर्खासारखी उत्तरे देत राहतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात नदीची पातळी काही क्षणांत डोंगराएवढी झाली होती. याच वेगाने ढोबळ हिशेब केला तर नदीमुखाशी आलेली भरती पन्नास किलोमीटर आत पोहोचायला दोन तास घेईल. आमच्या गावातील जुने मासेमार हा उशीर तिथी आणि ठिकाण पाहून अंदाजाने सांगतात. गणिताने त्यांचे म्हणणे खोडले नाही, उलट ते असे का असते ते मला समजले.

माझे गाव मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कालव्यावर आहे. सांगोडोत्सवाला ज्या पाण्यात होड्या निघतात, त्या पाण्यावर दोन्ही नद्यांच्या भरतीचा परिणाम होतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या नद्यांच्या जाळ्यातील भरतीचे प्रतिमान नव्वदच्या दशकातच तयार करून प्रसिद्ध केले आहे. हॅम्बुर्गच्या ग्रंथालयात बसून तो शोधनिबंध वाचताना मला अभिमान वाटला आणि वाईटही वाटले, कारण माझ्या घरापासून इतक्या जवळ झालेल्या या कामाविषयी तीन वर्षांच्या बी.एस्सी.त मला एक शब्दही कळला नव्हता.

हा विषय गोव्यासाठी निव्वळ विद्वत्तेचा नाही. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे असे सांगितले जाते. तिच्यातला मोठा भाग बांद फुटल्याने, मानशी नादुरुस्त झाल्याने किंवा शेती सोडून दिल्याने खाऱ्या पाण्याखाली गेला आहे. कोणता बांद किती उंच हवा, समुद्राची पातळी वाढली तर कोणती मानस उघडण्याचे तास किती कमी होतील, हे प्रश्न गणिताने सोडवता येण्याजोगे आहेत. म्हादईचेही, म्हणजे मांडवीच्याच वरच्या प्रवाहाच्या पाणीवाटपाचेही, तसेच आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पावसाळ्यात मांडवीतून गोडे पाणी धो धो समुद्राकडे जाते. डिसेंबरनंतर मात्र वरून येणारा प्रवाह क्षीण होतो आणि समुद्राचे खारे पाणी नदीत वर चढू लागते. वरचा प्रवाह अमुक इतका घटला तर खारेपणा किती किलोमीटर वर सरकेल आणि वर्षातील किती दिवस तिथे टिकेल, या प्रश्नाला भावनेने उत्तर देता येत नाही. त्यासाठी प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या आणि आपोआप पसरणाऱ्या क्षाराचे समीकरण सोडवावे लागते, नदीच्या तळाची मोजमापे लागतात आणि उत्तरात चूक किती असू शकते हेही प्रामाणिकपणे सांगावे लागते. अशी उत्तरे देणारी माणसे गोव्यात थोडी आहेत. ती अनेक व्हावीत, आणि त्यांतील काही माणसे फोंडा, डिचोली, काणकोण येथील महाविद्यालयांतून यावीत, असे मला मनापासून वाटते.

आता अडचणींबद्दल, कारण त्या टाळता येण्यासारख्या आहेत. अर्जासाठी मला माझ्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, व्याख्यानांचे तास आणि गुणपद्धतीचे स्पष्टीकरण अधिकृत शिक्क्यासह हवे होते. संबंधित कार्यालयाने पहिल्यांदा सांगितले की असा दाखला देण्याची पद्धत नाही. दुसऱ्या खेपेस सांगितले की ज्यांच्याकडे हे काम आहे ते रजेवर आहेत. असे करता करता सात आठवडे गेले आणि माझा पहिल्या वर्षीचा अर्ज अपुऱ्या कागदपत्रांमुळे बाद झाला. मी एक वर्ष थांबले. माझ्यासारख्या ज्या मुलीच्या घरी लग्नाचा विषय निघत असेल, तिला एक वर्ष थांबणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

या कागदाचे महत्त्व एका हिशेबावरून लक्षात येईल. युरोपात एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम धरतात आणि वर्षाला ६० क्रेडिट्स होतात, म्हणून तीन वर्षांची पदवी तिथे १८० क्रेडिट्सची असते. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात. गुणपत्रिकेवर नुसते १२० दिसले की परदेशातील तपासनिसाला हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम वाटू शकतो. गुणांचे तर त्याहून विचित्र आहे. आपल्याकडे दहापैकी जितके जास्त तितके चांगले, जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ला जेमतेम उत्तीर्ण. एका पानाचे अधिकृत स्पष्टीकरण गुणपत्रिकेसोबत जोडले तर हा सगळा घोटाळा मिटतो. ते एक पान गोवा विद्यापीठाने मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा कोणत्याही माध्यमातून आलेल्या प्रत्येक पदवीधराला न मागता द्यावे, ही माझी पहिली विनंती आहे. परतल्यावर पदवीच्या समकक्षतेसाठीही पुष्कळ धावाधाव करावी लागत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या मान्यतेचे नवे नियम अधिसूचित केले आहेत, त्यामुळे पुढच्या मुलांचा हा त्रास कमी होईल अशी आशा आहे.

अभ्यासाच्या तयारीत मी कुठे कमी पडले, तेही स्पष्ट सांगते. बीजगणित आणि रिअल ॲनालिसिस माझे बरे होते, आणि त्याचे श्रेय माझ्या गोव्यातील शिक्षकांना आहे. प्रोग्रॅमिंग मात्र जवळजवळ शून्य होते. न्यूमरिकल ॲनालिसिसचा पेपर आम्ही कॅल्क्युलेटरवर तीन पायऱ्या करून सोडवत असू. पद्धत एक हजार पायऱ्यांनंतर कशी वागते, हे कधी पाहिलेच नव्हते. महाविद्यालयात संगणक होते, पण ते दुसऱ्या विभागाचे. ज्या मुलांना हा मार्ग घ्यायचा असेल त्यांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पायथन किंवा तत्सम एखादी भाषा शिकावी आणि पुस्तकातील प्रत्येक पद्धत स्वतः लिहून चालवून पाहावी. त्यासाठी महागडे काही लागत नाही. इंग्रजीची भीती मात्र बाळगू नये. माझ्या वर्गात पंधराएक देशांची मुले होती आणि बहुतेकांची इंग्रजी माझ्यासारखीच शिकून घेतलेली होती. गणिताचे इंग्रजी तीनशे-चारशे शब्दांत भागते. मी पहिले दोन महिने मनातल्या मनात सिद्धता मराठीत करून मग इंग्रजीत बोलत असे, आणि त्यामुळे माझे काही अडले नाही.

गोव्याच्या माणसाला विद्येसाठी दूर जाणे नवे नाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरले आणि पुढे हार्वर्डपर्यंत गेले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातच झाला. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, व्याख्यानमालांना त्यांचे नाव देतो. पण ते पेशाने गणितज्ञ होते आणि उपयोजित गणितातील त्यांचे काम आजही वापरात आहे. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र जनुकशास्त्राचे विद्यार्थी त्यांच्याच नावाने शिकतात. १९४३ साली त्यांनी यादृच्छिक फलनांचे विघटन करण्याची एक पद्धत मांडली. तीच पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगभर प्रामुख्याने त्या दोघांच्या नावाने ओळखली गेली. समुद्राच्या तापमानाच्या हजारो नोंदींतून मुख्य आकृतिबंध वेगळे काढायला समुद्रशास्त्रज्ञ आज जी पद्धत वापरतात, तिच्या मुळाशी हेच गणित आहे. हॅम्बुर्गमधील व्याख्यानात मी हात वर करून कोसंबींचे नाव सांगितले आणि प्राध्यापकांनी ते फळ्यावर पहिल्या क्रमांकाला लिहिले. गोव्यातील गणिताच्या वर्गांतही ते लिहिले जावे.

माझी मुख्य सूचना यापुढची आहे. मुलांनी परदेशी संयुक्त पदव्यांना अर्ज करावेत हे ठीकच, पण अशी एक पदवी गोव्यातूनही सुरू होऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय आणि परदेशी विद्यापीठांना मिळून संयुक्त पदवी देण्याची मुभा दिली आहे. अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखायचा, विद्यार्थ्याने प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट्स मिळवायची आणि शेवटी दोघांची मिळून एक पदवी. भारतीय संस्थेला नॅकचे (महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे) किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान, आणि परदेशी संस्थेला जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात स्थान, अशा अटी आहेत. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ, दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, आयआयटी आणि एनआयटी एवढ्या लहान राज्यात एकमेकांपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. नदीमुखे आणि किनारा हा विषय घेऊन दोन सत्रे इथे, एक बाहेर आणि प्रबंध पुन्हा मांडवी-जुवारीवर, असा अभ्यासक्रम आखला तर युरोपातील मुलेही इथे शिकायला येतील. भरतीची नदी, खाजन, मान्सून आणि मानस एकाच ठिकाणी त्यांना दुसरीकडे सहज मिळणार नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला म्हणजे मुले बाहेर जातात ती परत येत नाहीत. माझ्या वर्गातील पुष्कळ जण परतले नाहीत, हे खरे आहे. त्याचे मोठे कारण असे की त्यांच्या प्रबंधाचा विषय त्यांच्या गावाशी जोडलेला नव्हता आणि परतून करायला त्यांच्याकडे काम नव्हते. प्रबंधच इथल्या नदीवर असेल तर परतण्याला निदान कारण तरी असेल. दुसरा आक्षेप खर्चाचा. सुरुवातीला वर्षाला पाच-सहा विद्यार्थी पुरेत. एका सत्राचा परदेशी खर्च राज्य सरकारने शिष्यवृत्तीतून उचलावा आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने दोन वर्षे गोव्यातील जलसंपदा, बंदर किंवा शेती खात्यासाठी काम करावे, अशी अट घालता येईल. मला अशी अट घातली असती तर मी ती आनंदाने स्वीकारली असती.

हे सगळे व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत यंदा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बहुतेक इरास्मस मुंडुस अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास खुले होतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत बंद होतात. पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, दोन शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अभ्यासक्रमाचा शिक्क्यासह तपशील या चार गोष्टी दिवाळीपूर्वी हातात असाव्यात. शेवटच्या कागदासाठी चतुर्थीच्या सुट्टीआधीच लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी तो कागद पंधरा दिवसांत देण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावी, ही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक माजी विद्यार्थिनी,
कुंभारजुवे, तिसवाडी